आधी शेततळं की आधी ठिबक?

दोन-चार एकर जिरायत, एक विहीर, हाताशी लाख-दीड लाख रुपये. महाडीबीटी या सरकारी अर्ज-संकेतस्थळावर दोन्हींसाठी अर्ज करता येतो, पण यंदा पैसा एकाच कामात घालता येणार आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: अनुदानाचे टक्के बघून ठरवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहीर किती तास चालते, ते बघा.

ठिबकचे टक्के मोठे दिसतात. केंद्राच्या योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. त्यावर राज्याचं पूरक अनुदान २५ आणि ३० टक्के. म्हणजे दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ८०, बाकीच्यांना ७५, आणि मर्यादा पाच हेक्टरची. मात्र हे टक्के तुमच्या बिलावर नसतात. दोन नळ्यांतल्या अंतरानुसार सरकारने जो खर्चाचा मापदंड ठरवलेला असतो, त्यावर असतात. समजा बिल १ लाख ३० हजारांचं झालं आणि मापदंड १ लाखाचा निघाला, तर हातात ८० हजार येतील आणि पदरचे ५० हजार जातील.

त्यातही पूर्ण रक्कम आधी आपण भरायची. पूर्वसंमती, मग नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी, जोडणी, मोका तपासणी (शेतावर येऊन केलेली पाहणी) आणि त्यानंतर आधार जोडलेल्या खात्यावर पैसे. आमच्या ठिबकचे पैसे यायला वर्ष उलटलं. तोवर दुकानदाराच्या उधारीवर व्याज चढत होतं आणि पेरणीला हात आखडता घ्यावा लागला. म्हणून सांगतो, अनुदान दीड वर्ष आलं नाही तरी घर चालेल, एवढाच पैसा यात अडकवा. पूर्वसंमतीच्या आधी घेतलेल्या मालाला तर अनुदानच नाही.

शेततळ्याचं गणित वेगळं. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ सुरू झालं तेव्हा कमाल ५० हजार मिळत. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ही मर्यादा ७५ हजारांवर गेली. रक्कम आकारमानावर ठरते. इथेही खोदकामाचं बिल आधी आपणच भागवायचं. खाली कठीण खडक लागला तर पोकलेनचे तास वाढतात, अनुदान मात्र तेवढंच राहतं. किमान जमिनीचीही अट असते, कोकणात ती कमी आहे.

३४ बाय ३४ बाय ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार धरून, साधारण २६ ते २९ लाख लिटर पाणी मावतं. एका एकराला पाच सेंटीमीटरची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात. बाष्पीभवन वजा केलं तरी दोन एकर हरभऱ्याच्या दोन पाळ्या सहज निघतात. पण जमीन मुरमाड असेल तर अस्तराशिवाय तळं दिवाळीपर्यंत रिकामं होतं, म्हणून अस्तराच्या ५०० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिक कागदाचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. आणि कुंपण घालाच. कागदावरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. लेकरं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

विहीर मार्चपर्यंत दोन तास तरी चालत असेल, तर ठिबक घ्या. आहे त्याच पाण्यात क्षेत्र वाढेल. डिसेंबरातच तळ दिसत असेल, तर ठिबकच्या नळ्या कोरड्याच पडून राहतील. तिथे तळं आधी, आणि तेही ओढ्या-नाल्याचं वाहतं पाणी आत येईल अशा जागी. बोअर उपसून तळं भरायचा बेत असेल तर माझा त्याला ठाम विरोध आहे. जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं आणि शेजारच्याची विहीर आटवायची, यासाठी सरकारी पैसा नाही.

अनुसूचित जाती-नवबौद्ध आणि आदिवासी शेतकऱ्यांनी आधी आंबेडकर कृषी स्वावलंबन आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती या योजना बघाव्यात. त्यांत विहीर, अस्तरीकरण आणि ठिबक एकत्र बसतं.

आता सोडतीऐवजी अर्जाच्या क्रमाने निवड होते आणि शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो काढलेला नसेल तर याच आठवड्यात काढून घ्या, आणि सातबारावरचं नाव आधारशी जुळतं का तेही तपासा.