बदलती रिक्वायरमेंट ठेवायची कुठे: तिकिटात की रेपोत?

सॉफ्टवेअर बनवणारी टीम दोन-तीन देशांत विखुरलेली असली की रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं याचा लेखी मजकूर, बदलते ती नेमकी निम्म्या लोकांच्या रात्री. सकाळी लॉगिन केल्यावर समोरचा मजकूर कालचाच आहे का, बदलला असेल तर कुणी आणि कशासाठी, हे विचारायला पलीकडे कुणी जागं नसतं. हा मजकूर सांभाळायच्या दोन पद्धती सर्रास दिसतात. एकीत जिरासारख्या ट्रॅकरमधलं (कामं नोंदवायच्या साधनातलं) तिकीट, म्हणजे एका कामाची नोंद, हीच रिक्वायरमेंट असते, आणि बदल म्हणजे त्याला जोडलेलं चेंज रिक्वेस्टचं वेगळं तिकीट. दुसरीत रिक्वायरमेंट मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत, कोडच्याच गिट रेपोत (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) राहते, आणि बदल पुल रिक्वेस्टने, म्हणजे इतरांनी तपासून सामावून घ्यायच्या प्रस्तावाने येतो. दोन्ही वापरल्यावर माझा कल दुसरीकडे झुकला आहे. पहिलीची बाजू मात्र लंगडी नाही.

तिकिटाचा मोठा फायदा म्हणजे सगळे आधीपासून तिथेच असतात. प्रॉडक्ट ओनर, क्लायंटची माणसं, सपोर्टवाले, कुणालाच नवीन काही शिकवावं लागत नाही. प्राधान्य, अंदाजे तास, स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा), मंजुरी हे सगळं एका पानावर दिसतं. चेंज रिक्वेस्टच्या तिकिटात बदलाचं कारण, बाधित मॉड्यूल, वाढीव तास, मंजुरी देणारी व्यक्ती आणि निर्णयाची मुदत हे पाच रकाने सक्तीचे केले, तर बरीच शिस्त आपोआप येते. मुदत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहावी. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे आठवड्याची चेंज मीटिंग कुणाच्या तरी घड्याळात तासभर सरकते, आणि मंजुरी देणारा नेमका त्याच मीटिंगला नसतो.

माझ्यासाठी पारडं फिरवणारी अडचण वेगळीच होती: तिकिटाचा मजकूर जागच्या जागी बदलतो.

एक उदाहरण घ्या. तिकिटात लिहिलंय, ‘रिफंड ७ दिवसांत जमा व्हावा.’ डेव्हलपरने त्यावर ब्रँच (काम करायला कोडची वेगळी प्रत) काढली. रात्री पलीकडून कुणीतरी दुरुस्ती केली, ‘रिफंड कामकाजाच्या ७ दिवसांत जमा व्हावा.’ एकच शब्द वाढला. कोड जुन्या वाक्यावर, टेस्ट केस नव्या वाक्यावर. टेस्टर बग नोंदवतो, डेव्हलपर ‘लिहिल्याप्रमाणेच केलंय’ म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. नऊ-दहा तासांचा फरक असेल तर दिवसाला एकच सवाल-जवाब होतो, म्हणजे तीन खुलाशांना तीन दिवस. शिवाय हा बग धरायचा की बदल, यावर बिल कुणी भरायचं ते ठरतं, म्हणून वाद तांत्रिक उरत नाही. जेम्स हर्ब्सलेब आणि ऑड्रिस मॉकस यांच्या २००३च्या अभ्यासात अनेक ठिकाणी वाटलेल्या कामाला तशाच एका ठिकाणच्या कामाच्या साधारण अडीचपट वेळ लागल्याचं दिसलं होतं. त्यातला बराचसा वेळ अशाच वाट पाहण्यात जात असावा असं मला वाटतं.

जिरात हिस्टरी असते, तिथे जुनं आणि नवं डिस्क्रिप्शन दिसतं, हे खरं. पण अमुक बिल्ड (कोडपासून बनवलेली आवृत्ती) कोणत्या मजकुरावर तयार झाली याचं उत्तर ती थेट देत नाही. ब्रँच कधी काढली आणि मजकूर कधी बदलला, हे ताडून पाहावं लागतं. त्यात जिरा प्रत्येकाला वेळ त्याच्या प्रोफाइलच्या टाइमझोनमध्ये दाखवतो. मेलमधल्या स्क्रीनशॉटवरचे ३:१५ म्हणजे कुणाचे ३:१५, यावरच अर्धा कॉल जातो.

मजकूर गोठवता येतो. वर्कफ्लोमधल्या ‘मंजूर’ स्टेटसला ‘जिरा.इश्यू.एडिटेबल’ ही प्रॉपर्टी ‘फॉल्स’ दिली की तिकीट एडिट होत नाही. मग लोक कॉमेंटमध्ये लिहायला लागतात. महिन्याभरात रिक्वायरमेंट म्हणजे डिस्क्रिप्शन, अधिक चौथी कॉमेंट, अधिक अकरावी कॉमेंट, वजा चौथीतलं दुसरं वाक्य. नव्याने टीममध्ये आलेल्या माणसाला हे कळणं अशक्य आहे.

रेपोत हा प्रश्न मुळातच सुटतो, कारण कोड आणि रिक्वायरमेंट एकाच कमिटमध्ये (गिटने नोंदवलेल्या एका स्थितीत) असतात. जुनी बिल्ड उघडली की तिच्या वेळचं वाक्यही तिथेच सापडतं. दोन रिलीजच्या टॅगमध्ये (त्यांना दिलेल्या खुणांमध्ये) फक्त रिक्वायरमेंटच्या फोल्डरपुरता गिट डिफ, म्हणजे फरक काढला, की त्या काळात काय काय बदललं याची यादी तयार. क्लायंटसमोर वाढीव कामाचा हिशेब मांडताना ही यादी फार उपयोगी पडते. तिच्यावर ‘आम्ही असं म्हणालोच नव्हतो’ सहसा कुणी म्हणत नाही.

मांडणीत काही गोष्टी काटेकोर हव्यात. एका फीचरला एक फाइल. प्रत्येक रिक्वायरमेंटला कायमचा क्रमांक, उदाहरणार्थ ‘पेमेंट-०४२’. रद्द झाली तरी तो क्रमांक दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. एका ओळीत एकच वाक्य, कारण डिफ ओळीनुसार दिसतो. सलग परिच्छेद लिहिला तर एका शब्दासाठी आख्खा परिच्छेद बदललेला दिसतो आणि रिव्ह्यू करणारा वाचायचं सोडून देतो. पुल रिक्वेस्टच्या टेम्प्लेटमध्ये चार प्रश्न: काय बदलतंय, का, आज चालू असलेलं काय मोडेल, कोणत्या टेस्ट बदलतील. उत्तरं आधीच लिहिलेली असली की पलीकडच्याला सकाळी विचारायला फारसं काही उरत नाही. वेळ वाचतो तो इथे.

एक खड्डा हमखास येतो. दोन्ही ठिकाणची मंजुरी हवी म्हणून लोक गिटहब या रेपो ठेवायच्या सेवेतल्या कोडओनर्स फाइलीत (कोणत्या फाइलीला कुणाची मंजुरी लागते याची यादी) एकाच ओळीवर दोन्ही टीम लिहितात. पण तिथे त्यांपैकी कुणा एकाची मंजुरी पुरते. किमान दोन मंजुऱ्यांची अट घातली तरी दोन्ही एकाच ऑफिसातून येऊ शकतात. गिटलॅब या तशाच सेवेच्या सशुल्क आवृत्तीत कोडओनर्सचे सेक्शन करून प्रत्येकाची मंजुरी वेगळी मागता येते. गिटहबच्या कोडओनर्स फाइलीतून हे होत नाही, त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. नवीन कमिट आली की जुनी मंजुरी रद्द होण्याचं सेटिंगही चालू ठेवा, नाहीतर मजकूर जागच्या जागी बदलण्याचा तोच रोग मागच्या दाराने परत येतो.

‘२४ तासांत हरकत नाही तर मंजूर’ हा नियम टाळावा. काही देशांत साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. गुरुवारी संध्याकाळी टाकलेला बदल तिथे कुणी न पाहता आत जातो. मुदत मोजायची तर दोन्हीकडे कामाचा असलेला एक पूर्ण दिवस मोजा.

गिट सगळंच पकडतं असंही नाही. दोघांनी एकच ओळ बदलली तर मर्जच्या (बदल एकत्र करायच्या) वेळी कॉन्फ्लिक्ट येतो आणि बोलणं भाग पडतं. ट्रॅकरमध्ये सहसा शेवटी सेव्ह करणाऱ्याचा मजकूर राहतो आणि पहिल्याला पत्ताही लागत नाही. पण परस्परविरोधी बदल दोन वेगळ्या फाइलींत असतील तर गिट ते गुपचूप मर्ज करतं. ते माणसाच्या नजरेलाच सापडणार. डिझाइनची लिंकही धोक्याची: फिगमा या डिझाइनच्या साधनाची साधी लिंक फाइल आज जशी असेल तशी उघडते, त्यामुळे मंजूर स्क्रीनची चित्रं एक्सपोर्ट करून फोल्डरमध्येच ठेवलेली बरी. आकृत्या शक्यतो मर्मेडमध्ये (आकृती मजकुरात लिहायच्या पद्धतीत), म्हणजे त्यांचाही डिफ दिसतो.

क्लायंट रेपो उघडायलाच तयार नसेल, किंवा सगळी टीम तीन-चार तासांच्या फरकात बसत असेल, तर तिकिटावरच राहणं कदाचित शहाणपणाचं. फोन उचलून विचारता येत असेल तर इतका खटाटोप लागत नाही. फरक सहा तासांपुढे गेला, त्यात कंत्राट वेगळ्या कंपनीचं असेल, तर मी तरी रेपोच निवडेन. प्राधान्य, तास आणि कोण करणार हे तेव्हाही तिकिटातच राहू द्यावं. ‘काय करायचं’ एवढंच तिथून हलवावं.

हलवताना सगळं एकदम उचलू नका. सगळ्यात जास्त बदल होणारं एक मॉड्यूल घ्या, आणि त्यातल्याही ज्या रिक्वायरमेंटला हात लागेल तेवढीच फाइलीत आणा. जुन्या तिकिटाचं डिस्क्रिप्शन पुसून तिथे क्रमांक आणि फाइलीची लिंक ठेवा. ही लिंक विशिष्ट कमिटची असू द्या, मेन ब्रँचची (सतत बदलणाऱ्या मुख्य प्रतीची) नको. मेनची लिंक उद्या वेगळं वाक्य दाखवेल.