मैत्री की पदविका: गाय भरवणाऱ्याचा हिशेब

निकाल लागले की गावातली दोन-तीन पोरं हमखास गाठतात. प्रश्न एकच असतो. तीन महिन्यांचं ‘मैत्री’चं, म्हणजे गायी-म्हशी कृत्रिम रेतनाने भरवायचं प्रशिक्षण घेऊन लगेच गाडीला वीर्याच्या कांड्यांचा कंटेनर लावायचा, की पशुसंवर्धनाची पदविका करायची? मी दोन्ही केलंय. आधी मैत्री, मग चार वर्षं गोठे पालथे घातले आणि नंतर पदविका. त्यामुळे माझा काटा थोडा एका बाजूला झुकलेला आहे, ते धरूनच पुढचं वाचा.

खर्चात तुलनाच नाही. मैत्री ही राष्ट्रीय गोकुळ मिशनमधली योजना. प्रशिक्षणासाठी माणशी ३१ हजार आणि साहित्यासाठी ५० हजारांची तरतूद केंद्राकडूनच असते. एक महिना वर्गात, दोन महिने प्रत्यक्ष हात घालून. खिशातून जाते ती तीन महिन्यांची मजुरी आणि वरखर्च. पदविका माझ्या वेळी दोन वर्षांची होती. फी, खोली, मेस असं सगळं धरून सव्वा लाखाच्या घरात गेलो. त्यात एक चांगली, पहिलारू होऊ घातलेली कालवड विकली. ती अजून आठवते.

कमाईतही सुरुवातीला मैत्रीच पुढे. प्रशिक्षण संपल्यावर दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातात पैसे खेळायला लागले. आमच्याकडे साध्या कांडीने गाय भरवायचे दीडशे ते दोनशे मिळायचे. दिवसाला तीन-चार गायी धरल्या तर कागदावर हिशेब फार गोड दिसतो. पदविकेला बसलेला मित्र तेव्हा वसतिगृहात आमटी-भात खात होता, आणि मी त्याला मनातल्या मनात हसत होतो.

पण कागदावर न दिसणारी एक गोष्ट आहे, आणि माझा निर्णय तिनेच केला. गाय उलटणं, म्हणजे भरवूनही गाभण न राहणं.

चांगला हात असला तरी पहिल्या खेपेला दहातल्या चार गाभण राहिल्या तर मी खूश असायचो. बाकीच्या एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर. त्यात नवल काही नाही, निसर्गच तसा आहे. खरी गोम पैशात आहे. निम्मे लोक रोख द्यायचे, आणि निम्म्यांचं ठरलेलं वाक्य, ‘डॉक्टर, गाभण राहिली की देतो.’ आता हात घालून गाभण तपासायची तर खात्रीने सांगायला अडीच-तीन महिने जातात. म्हणजे जूनमध्ये भरवलेल्या गायीचे पैसे सप्टेंबरात, तेही राहिली तर. मधे ती बाजारात गेली, तर पैसेही तिच्या मागोमाग गेले. कांडी, कांडी सोडायच्या गनवरची प्लास्टिकची शीथ, कांड्या गोठवून ठेवणारा द्रव नायट्रोजन आणि पेट्रोल मात्र त्याच दिवशी माझ्या खिशातून गेलेलं असायचं.

एकदा सकाळी संकलन केंद्रावर वीस-पंचवीस जण कॅन घेऊन उभे असताना एकाने मोठ्याने विचारलं, ‘काय डॉक्टर, कांडी फुसकी होती का?’ त्याची गाय उलटली होती. भरवायच्या वेळी ती आदल्या रात्रीपासून ओरडत होती आणि मला बोलावलं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर सकाळी, हे मी त्या गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून दिलं होतं. मी गेलो तेव्हा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, वाळून शेपटीला चिकटलेला होता. भरवायलाच नको होतं, पण ‘आता आलाच आहात तर टाका’ म्हणाले आणि मी टाकली. चूक माझीही होतीच. दुसऱ्या खेपेचे पैसे मागायची सोय मात्र उरली नाही.

त्या महिन्यात ऐंशी गायी भरवल्या होत्या. रोख आले साडेसात हजार, आणि खर्च वजा जाता हातात तीनच्या आत उरले. बाकी सगळं वहीत. नायट्रोजन तर सुट्टीच्या दिवशीही उडतच असतो. पट्टी कंटेनरमध्ये बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, पांढरं दव जिथपर्यंत चढेल तेवढा माल शिल्लक. रोज सकाळी त्या पांढऱ्या रेघेकडे बघून दिवस सुरू व्हायचा.

पदविकेचं सगळं गोड आहे असंही नाही. पदविकेवर मिळणाऱ्या सरकारी नोकरीची, म्हणजे पशुधन पर्यवेक्षकाची वेतनश्रेणी एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१००. ऐकायला छान, पण भरती कधी निघेल याचा नेम नाही. २०२३ मध्ये ३७६ जागा निघाल्या, त्याआधी पोरांनी वाट बघण्यात वर्षं घालवली होती. मलाही ती नोकरी मिळाली नाही. मी एका खासगी दूध संस्थेच्या पगारावर आहे आणि पगार सरकारीपेक्षा बराच कमी आहे. शिवाय पदविका झाली की दवाखाना थाटू, असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पदविकाधारकाने लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी असल्या किरकोळ सेवाच द्यायच्या, आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

तरी माझ्यापुरतं सांगायचं तर लसीकरणाला दिवसभर फिरलो की दिवस भरला. गाय राहिली काय नि उलटली काय, एक तारखेचा पगार अडत नाही. माझ्या झोपेत एवढ्यानेच फरक पडला. कुणाला तो सव्वा लाखाच्या लायकीचा वाटणार नाही, मान्य आहे.

ज्याच्या घरी स्वतःची दहा-बारा जनावरं आहेत आणि पाच किलोमीटरच्या आत तीनेकशे दुभती जनावरं सापडतात, त्याने मैत्रीचा विचार जरूर करावा. पण फॉर्म भरण्याआधी गावातल्या डेअरीला एक विचारा. भरवणीचे पैसे दुधाच्या बिलातून कापून देता का? हो म्हणाले, तर माझं वरचं रडगाणं तुम्हाला फारसं लागू नाही. नाही म्हणाले, तर मी पदविकेकडे बघेन. आणि मैत्री घ्याल तर मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्या, कारण २०२३ च्या राज्याच्या गोजातीय प्रजनन कायद्यानंतर बिननोंदणीचं काम चालणार नाही. पदविकेचं कॉलेजही नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे ना, ते बघून घ्या. नुसतं ‘पशुवैद्यकीय सहाय्यक’ असं छापलेलं प्रमाणपत्र भरतीला चालत नाही.

माझा तीन लिटरचा कंटेनर अजून पडवीत आहे. चुलतभाऊ यंदा मैत्रीला चाललाय, त्याने तो मागितला. नेऊ दे, गनही नेऊ दे. वही मात्र देणार नाही. तिच्यात अजून चौदा गायी गाभण राहायच्या आहेत.