20 दगडांची पेटी: दोन नमुन्यांची लेबलं चुकलेली, तरीही घ्या असंच सांगेन

मुलगी सातवीत आहे. अग्निज, स्तरित, रूपांतरित सगळं पाठ होतं तिचं, पण घराच्या पायरीचा दगड यातला कुठला हे विचारलं तर गप्प बसली, म्हणून ही खडक-खनिजांची पेटी ऑनलाइन मागवली. 1,450 रुपये, 20 नमुने, सोबत एक लूप (छोटं भिंग), लोहचुंबक, खरखरीत पांढरी टाइल, काचेचा तुकडा, पुस्तिका आणि फोमचा पृथ्वीचा अर्धगोल. दीड महिना वापरतोय आम्ही.

आधी तक्रार सांगते. लेबलं दगडांवर नुसती चिकटवलेली आहेत आणि पेटी उघडली तेव्हा दोन सुटून तळाला पडली होती, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. दोन्ही पांढुरके, सारखेच दिसतात. पण ओळखता आलं. एकानं काचेवर ओरखडा काढला, दुसऱ्यानं नाही. मोह्सच्या काठिण्य श्रेणीत क्वार्ट्झ 7 वर, कॅल्साइट 3 वर आणि काच साधारण साडेपाचला, म्हणून. खात्रीसाठी कॅल्साइटवर लिंबू पिळलं तर लूपमधून बारीक बुडबुडे दिसले. हे पुस्तिकेत वाचून जे कळलं नसतं ते त्या पाच मिनिटांत कळलं.

मोठी चूक मात्र पुढे निघाली. ज्याच्यावर मॅग्नेटाइट लिहिलंय त्याला चुंबक चिकटेना आणि हेमॅटाइट लिहिलेला खट्कन चिकटला! मग टाइलवर घासून बघितलं, न चिकटणाऱ्याची रेघ विटकरी तांबडी, चिकटणाऱ्याची काळी. म्हणजे सरळ अदलाबदल. दोन्ही लोहखनिजंच आहेत आणि वरून दोन्ही काळसर, पण रेघ फसवत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, नवीन लेबलं आली, माफीबिफी काही नाही. ज्या मुलांच्या घरी कुणी तपासून बघणार नाही ती चुकीचंच शिकतील याचा मला खरंच राग आहे.

आणि एक सूचना, गॅलेना नावाचा चकचकीत जड चौकोनी तुकडा आहे तो शिशाचं खनिज आहे, हाताळल्यावर हात धुवायला लावा, तोंडात घालणाऱ्या वयाच्या पोराच्या हाती पेटी देऊच नका. पुस्तिकेत याची एक ओळ नाही.

बाकी नमुने छान आहेत. अभ्रकाचे पापुद्रे नखानं सुटतात, प्युमिस तांब्यातल्या पाण्यावर तरंगतो, शंखजिऱ्यावर नखानं रेघ उठते, आणि हॅलाइटचा तुकडा स्वयंपाकघरातल्या सैंधवाशेजारी ठेवला तर तेच ते. सगळ्यात जास्त वेळ आम्ही ग्रॅनाइट आणि बेसाल्ट शेजारी ठेवून घालवला. ग्रॅनाइटमध्ये गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखी गारगोटी, काळं अभ्रक सगळं नुसत्या डोळ्यांना दिसतं कारण तो खोलवर सावकाश थंड झालाय, स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला. बेसाल्ट म्हणजे आपला काळा दगड, लाव्हा वर येऊन पटकन थिजला म्हणून दाणा बारीक. पायरीचं उत्तर मिळालं ते असं. आम्ही कराडकडचे, आमच्या पायाखाली याचे थरावर थर आहेत, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल बोअर घेतलंय, तिथे किलोमीटरभर काळा दगड संपल्यावर खाली ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे हातातले हे दोन तुकडे आमच्याकडे खरोखर एकाखाली एक आहेत, हे सांगितल्यावर लेक कितीतरी वेळ दोन्ही दगड एकावर एक धरून बसली होती.

फोमचा अर्धगोल मात्र मला पटला नाही. प्रावरण, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्या मधला थर, लालभडक वितळलेलं दाखवलंय. प्रावरण घन खडकाचं असतं, लाखो वर्षांच्या हिशोबात अगदी सावकाश सरकतं एवढंच, थोडा भाग वितळतो तोही काही ठिकाणी. द्रव आहे तो बाह्य गाभा, 2,900 किलोमीटरच्या खाली, भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, त्या तिथे अडतात त्यावरून ते कळलं. आणि भूकवच चांगलं बोटभर जाड केलंय. 7 सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात जमिनीखालचं 35 किलोमीटरचं कवच अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही, आम्ही गणित करून त्याच्यावर कागद चिकटवला.

आपल्याकडची खनिजं पेटीत जवळपास नाहीतच याचं वाईट वाटलं. पुण्या-नाशकाच्या, जळगावच्या खाणीतले झिओलाइट, म्हणजे काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढणारी स्फटिकी खनिजं, जगभरच्या संग्रहालयांत जातात, वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट तर जगप्रसिद्ध, आणि इथल्या मुलांच्या पेटीत एक तुकडा नाही. जांभाही नाही. पेटीत 24 कप्पे आहेत, चार रिकामे. एकात मुरूम घातला, एकात मामानं रत्नागिरीहून आणलेला जांभा, आणि शेजारच्यांच्या विहिरीच्या ढिगाऱ्यात काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या सुयांचा पंखा सापडला तो तिसऱ्यात. लूपखाली एकेक सुई वेगळी दिसते. त्याच्यावर लेबल अजून लावलेलं नाही, रेघ आणि काठिण्य बघून झालंय, नुसता झिओलाइट लिहायचं नाही, कुठला ते शोधायचं म्हणतेय ती.