प्लास्टिकपासून तेल काढायचं युनिट: एक पावसाळा आणि एक हिवाळा चालवल्यानंतरचा अनुभव

पुण्याजवळ आमची सुक्या कचऱ्याची शेड आहे, तिथे हे युनिट बसवून बरेच महिने झाले आणि घ्यावं का असं खूप जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. युनिट मॉड्युलर आहे, म्हणजे रिऍक्टर (ज्यात प्लास्टिक तापतं), कंडेन्सर (ज्यात वाफ थंड होते), टाकी, गॅस धुवायचा स्क्रबर सगळं एकाच लोखंडी फ्रेमवर बसवलेलं, ट्रकवरून आलं, क्रेनने उतरवलं, उद्या माल वाढला तर शेजारी दुसरं ठेवायचं. आत हवा न लागू देता प्लास्टिक साधारण ३५० ते ४५० अंशाला तापवायचं, वाफ होते, ती थंड केली की तेल. सुरुवातीला गॅस सिलेंडर लागतो, नंतर जो वायू थंड होऊनही तेल बनत नाही तोच बर्नरला परत जातो, हा भाग खरंच छान चालतो.

मशीनबद्दल माझी तक्रार फार नाही. सगळा खेळ आत काय घालता त्यावर आहे. विकणाऱ्याने आम्हाला सांगितलं होतं "काहीही टाका, चालतं". नाही चालत! पीई (पिशव्यांचं प्लास्टिक), पीपी (डब्यांचं, पाकिटांचं), थर्माकोल चालतं. पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, नको, त्यातून आम्ल निघतं आणि कंडेन्सरच्या पाइपात पांढरी पावडर साचून पाइप गच्च होतो. आणि पीव्हीसी तर अजिबात नको, त्यातून हायड्रोक्लोरिक ऍसिडचा वायू निघतो, लोखंड खातो आणि क्लोरीन तेलातही उतरतं. आता पीव्हीसी घरच्या कचऱ्यात कुठून येतं तर गोळ्यांची रिकामी पाकिटं, फाटके रेनकोट, रेक्झिन, वायरचं कव्हर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस, गणपती, निवडणूक झाली की लोक टेम्पो भरून फ्लेक्स घेऊन येतात की ताई याचं तेल करा, आणि आम्ही सरळ परत पाठवतो, कारण तो कपड्यावर पीव्हीसी चढवलेला असतो.

शंका आली तर आमच्या वेचक ताई तांब्याच्या तारेची टेस्ट करतात. तार लाल होईपर्यंत तापवायची, प्लास्टिकला टेकवायची, परत ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे, तुकडा बाजूला. हे उघड्यावरच करायचं, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. या बायकांचा हात आणि नजर हाच या युनिटचा सगळ्यात महागडा पार्ट आहे आणि कोटेशनमध्ये तो कुठेच नसतो, त्यांचा पगार पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

पावसाळ्यात माल ओला येतो, ओला घातला तर निम्मी उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि तेलात पाणी उतरतं, त्यामुळे वाळवायला पत्र्याखाली जागा हवीच. थंडीत वेगळा त्रास, पिशव्या जास्त असल्या की तेलात मेण जास्त येतं आणि डिसेंबरात सकाळी बघावं तर टाकीकडे जाणारी लाइन तुपासारखी थिजलेली. आम्ही लाइनवर हीटिंग टेप गुंडाळून घेतली, तेव्हापासून ठीक.

तेल किती निघतं? सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या डेहराडूनच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमध्ये (आयआयपी) २०१९ साली सुरू झालेल्या प्लांटचा आकडा सगळे विकणारे सांगतात, १ टन प्लास्टिकपासून ८०० लिटर डिझेल. पण ८०० लिटर म्हणजे ८०० किलो नाही हो, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, वजनात ते सव्वासहाशे-साडेसहाशे किलोच भरतं, त्यामुळे कोणी "८० टक्के तेल" म्हणालं की लिटर का किलो ते आधी विचारा. आमच्याकडे चिप्स-बिस्किटांची पाकिटं जास्त, त्यात ऍल्युमिनियम आणि शाई, त्यामुळे तेल बरंच कमी आणि खाली काळा चार (कोळशासारखा उरलेला भाग) जास्त, त्यात चमकी तशीच दिसते. तो चार कुठेही टाकायचा नाही, आम्ही तपासून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला देतो. आणि रिऍक्टर पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, गरम चारला हवा लागली की पेट घेतो.

आमच्या युनिटचं हे तेल डिझेल नाही, गाडीत तर नकोच. बर्नरला, भट्टीला चांगलं जळतं. पण त्यात पेट्रोलसारखा हलका भाग असतो, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटते) खूप खाली येऊ शकतो, २३ अंशाच्या खाली गेला की कायद्याने ते पेट्रोलच्याच वर्गात, ए क्लास, मग साठवायचे नियम कडक. प्रदूषण मंडळाची संमती आणि फायरच्या परवानगीचं काम आधी, मशीन नंतर.

एक गोष्ट मनापासून सांगते. दुधाच्या पिशव्या, बादल्या, डबे यात घालू नका, त्याला भंगारात भाव आहे, त्याची परत वस्तू होते, त्यावर कितीतरी घरं चालतात. २०२२ च्या ईपीआर नियमांतही (पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर टाकणारे नियम) तेल करणं हे रिसायकलिंगमध्ये नाही, विल्हेवाटीत धरलंय, प्लास्टिक सिमेंट भट्टीत जाळणं आणि रस्त्यात घालणं यांच्या रांगेत, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. ज्याला कोणीच घेत नाही ती पाकिटं आमच्याकडून आता डेपोत जात नाहीत, कोणी पेटवतही नाही, एवढ्यासाठी मी हे युनिट परत घेईन. नुसत्या तेलाच्या विक्रीवर हप्ता फिटेल असं समजून मात्र घेऊ नका, आमचा तरी फिटत नाही, पाकिटं उचलायचे पैसे कंपन्यांकडून ईपीआरमध्ये मिळतात तेव्हा कुठे गणित बसतं.

बघायला जाणार असाल तर स्वतःच्या गावच्या कचऱ्याची दोन-चार पोती सोबत न्या, तीच बॅच समोर लावायला सांगा, त्यांचा धुतलेला प्लास्टिकचा दाणा नको. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर कंडेन्सर उघडून दाखवा म्हणा आणि तेलाचा क्लोरीन रिपोर्ट बाहेरच्या लॅबचा मागा.