पोहे करायचे की गोधडी शिवायची?

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट वेदना. असं दुखणं असलेल्या सहा-आठ जणांच्या गटाला ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजच्या कामांतून दिल्या जाणाऱ्या उपचारांत, काय करायला द्यावं, हे ठरवताना माझ्यापुढे बहुतेक वेळा हे दोन पर्याय असतात.

गोधडीभोवती गप्पा रंगतात, दुखण्यावरून लक्ष हटतं. पण मान खाली घालून बसणं आणि सुई चिमटीत धरणं मानेला, अंगठ्याच्या सांध्याला जड जातं. शिवाय ‘एवढी ओळ संपवते’ म्हणत कुणी उठतच नाही.

पोह्यांत चिरणं, भिजवणं, परतणं अशी कामं बदलत राहतात. कांदा चिरणारी व्यक्ती घड्याळ बघून दहा मिनिटांनी थांबते, दुखायला लागण्याआधीच. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. दुखेपर्यंत रेटायचं आणि मग दोन दिवस पडून राहायचं, हे चक्र इथे मोडायला शिकता येतं. उंच स्टूल, जाड मुठीची सुरी, हलकी कढई वापरून बघता येते आणि त्याच संध्याकाळी घरी उपयोगी पडते.

म्हणून सुरुवात मी पोह्यांनी करते. गोधडी नंतर, तीही पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे पाडून. मात्र गटाला आधी विचारावं. एखाद्या काकांना दोन्हींपेक्षा कुंडीत मेथी पेरायला आवडेल.