बिगडाय १.१ घ्यावं की ३.१?

सँगर सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएतल्या बेसचा (ए, सी, जी, टी या अक्षरांचा) क्रम वाचण्याच्या पद्धतीचं, किट मागवताना बिगडाय किटच्या या दोन आवृत्त्यांची नावं शेजारी शेजारी दिसतात. मोठा आकडा म्हणजे नवं, नवं म्हणजे चांगलं, असं धरून डोळे झाकून ३.१ मागवणारेच जास्त. बहुतेकांचं त्यात काही बिघडतही नाही. काहींचं मात्र बिघडतं.

दोन्हींचा पाया एकच. दोन्हींत टर्मिनेटर असतात, म्हणजे डीएनएची साखळी थांबवणारे रंगीत बेस. त्यांच्यातलं फ्लुओरेसीन हे एक रंगद्रव्य लेसरचा प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा त्याला जोडलेल्या डायक्लोरोऱ्होडामीन या दुसऱ्या रंगाला देतं. चमकतो तो हा दुसरा. त्यामुळे एकाच लेसरवर चारही बेस ठळक उमटतात. १९८६ साली कॅलटेकमध्ये लेरॉय हूड यांच्या गटाने यंत्राकडून वाचन करून दाखवलं तेव्हा रंग प्रायमरला (वाचन जिथून सुरू होतं त्या छोट्या डीएनए तुकड्याला) लावलेला होता, म्हणून प्रत्येक बेसची नळी वेगळी. रंग टर्मिनेटरवर आला आणि एका नळीत काम भागू लागलं. शिवाय साखळी बांधणारं एन्झाइम मध्येच अडलं तर तो अर्धवट तुकडा बिनरंगीच राहतो, वाचनाच्या आलेखात लुडबूड करत नाही.

आता निवड. प्लाझ्मिड (जिवाणूतलं छोटं गोल डीएनए), बॅक (मोठा डीएनए तुकडा वाहणारं कृत्रिम गुणसूत्र) किंवा लांब पीसीआर तुकडा असेल, ७००-८०० बेसपर्यंत वाचायचं असेल, तर ३.१. तुकडा छोटा असेल किंवा शोधायचा तो बदल प्रायमरला अगदी खेटून असेल, तर १.१, सुरुवातीचे बेस त्यात जास्त स्वच्छ वाचता येतात. प्रायमर थोडा मागे सरकवता येत असेल तर मी तोच मार्ग धरीन आणि ३.१ वरच राहीन.

खरी गोची वेगळीच आहे. दोन्हींत सी आणि टीच्या रंगांची अदलाबदल आहे: १.१ मध्ये सीला डीरॉक्स हा रंग आणि टीला डीटॅम्रा, ३.१ मध्ये उलट. म्हणून यंत्राचा डाय सेटही (रंग ओळखण्याची मांडणी) वेगळा लागतो, १.१ ला ई आणि ३.१ ला झेड. नमुने बाहेर पाठवणार असाल तर त्यांच्या यंत्रावर कुठलं कॅलिब्रेशन आहे ते ऑर्डरआधी विचारा. चुकीच्या सेटवरचं वाचन भरवशाचं नसतं.

किट कुठलंही घ्या, न वापरलेले रंगीत टर्मिनेटर नीट धुतले नाहीत तर आलेखाच्या सुरुवातीच्या भागात रंगाचे जाड फुगवटे बसतात आणि खालचे बेस झाकतात. इथेनॉल-ईडीटीएने डीएनए खाली बसवून धुवा किंवा गाळणीचा कॉलम वापरा, पण घाई नको. आणि नळ्या उजेडात उघड्या ठेवू नका, रंग विटतात.