ब्राउझरचा गेलेला डेटा परत आणून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध रहा – माझा अनुभव

ब्राउझर रीसेट केल्यावर किंवा काढून परत इन्स्टॉल केल्यावर बुकमार्क, पासवर्ड सगळं गायब झालं असेल आणि तुम्ही घाबरून मदत शोधत असाल तर प्लीज कुठल्याही नंबरवर फोन करायच्या आधी हे वाचा. माझे पैसे तर गेलेच, पण त्यापेक्षा खूप जास्त काहीतरी गेलं, आणि ते कसं गेलं हे नीट सांगायचंय.

माझा फायरफॉक्स सारखा हँग होत होता म्हणून मी तो काढून परत टाकला. उघडून बघते तर कोरा करकरीत. बुकमार्क नाहीत, सेव्ह केलेले पासवर्ड नाहीत, एक्स्टेन्शन नाहीत, कित्येक वर्षं जमवलेल्या कामाच्या लिंका नाहीत. सर्च केलं तर सगळ्यात वर एक जाहिरात, लोगो तोच, रंग तेच, आणि खाली मोठ्या अक्षरात सपोर्टचा फोन नंबर. फोन लगेच उचलला. बोलणारा माणूस अतिशय शांत आणि सभ्य, "मॅडम अजिबात काळजी करू नका, रोज असे फोन येतात आम्हाला" वगैरे. मग त्याने स्क्रीन बघता येईल असं एक रिमोट ॲप टाकायला लावलं, त्यातला कोड विचारला आणि माउस त्याच्या ताब्यात गेला.

त्याने ॲड्रेस बारमध्ये काहीतरी टाइप केलं, एक पान उघडलं, त्यात अक्षरं-आकडे मिसळलेली दोन-तीन नावं होती. एकावर माउस नेऊन म्हणाला, हा बघा तुमचा डेटा, पण करप्ट झालाय, सर्व्हरवरून रिपेअर करावा लागेल, त्याची फी आहे. फी भरली. मग एक काळी विंडो उघडली, त्यात फाइलींची नावं भराभर वर सरकत राहिली, आणि ती बंद झाल्यावर ब्राउझर उघडला तर खरंच सगळं जागेवर! बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन, सगळं. इथेच त्यांचा खरा डाव आहे हे लक्षात घ्या, कारण काम झालेलं डोळ्यांनी दिसल्यावर समोरच्यावर संशय घ्यायला कारणच उरत नाही.

मग म्हणाला, आता हे परत जाऊ नये म्हणून बॅकअप घेऊन ठेवतो. पासवर्डचं पान उघडलं, एक्सपोर्टवर क्लिक केलं, विंडोजचा पिन विचारला गेला तो मला टाकायला सांगितला, आणि लगेच माझी स्क्रीन काळी झाली. "प्रोसेस चालू आहे, हात लावू नका."

काय प्रोसेस होती ते नंतर कळलं. एक्सपोर्ट केल्यावर जी सीएसव्ही फाइल बनते त्यात प्रत्येक साइटचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड साध्या अक्षरात असतात, कसलंही कुलूप नाही, कोणीही उघडून वाचावं. ती फाइल त्याच्याकडे गेली. पुढे ईमेलवर अनोळखी ठिकाणाहून लॉगिनचे मेसेज येऊ लागले, आणि सेटिंगमध्ये शोधल्यावर दिसलं की माझे मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड होत होते. म्हणजे मी पासवर्ड बदलायला गेले तरी त्याची लिंक त्यांनाही जाणार. हे बघितल्यावर हातपाय गार पडले होते अक्षरशः.

आणि सगळ्यात राग कशाचा येतो माहितीये? डेटा कुठे गेलाच नव्हता. 2019 मध्ये आलेल्या फायरफॉक्स 67 पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड वगैरे ठेवलेलं फोल्डर) मिळतं, त्यामुळे परत इन्स्टॉल केल्यावर कधीकधी नवं रिकामं प्रोफाइल उघडतं आणि जुनं तसंच डिस्कवर पडून असतं. त्याने ॲड्रेस बारमध्ये टाकलं होतं ते "अबाउट:प्रोफाइल्स" (about:profiles). तिथे जुन्या प्रोफाइलसमोरचं बटण दाबून ते डिफॉल्ट केलं, झालं. काळी विंडो निव्वळ देखावा, विंडोजची फाइलींची यादी दाखवणारी साधी कमांड. माझीच वस्तू त्याने मला विकली.

तर तुमचं असं झालं तर आधी स्वतः बघा. फायरफॉक्स "रिफ्रेश" केला असेल तर डेस्कटॉपवर "ओल्ड फायरफॉक्स डेटा" नावाचं फोल्डर बनतं, त्यात जुनं प्रोफाइल असतं, ते डिलीट करू नका. बुकमार्कचे बॅकअप फायरफॉक्स आपोआप घेत असतो, बुकमार्क मॅनेजरमध्ये इम्पोर्ट अँड बॅकअपखाली रिस्टोअरमध्ये तारखेनुसार दिसतात (रिस्टोअर केल्यावर आत्ताचे बुकमार्क जाऊन ते येतात, हे ध्यानात ठेवा). क्रोमचं सेटिंग रीसेट केलं तर बुकमार्क, हिस्टरी आणि पासवर्ड जातच नाहीत, एक्स्टेन्शन फक्त बंद होतात, कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे साइटला लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या छोट्या नोंदी) मात्र जातात म्हणून सगळीकडे परत लॉगिन करावं लागतं आणि माणसाला वाटतं सगळंच गेलं. क्रोममध्ये बुकमार्क खरंच गेले असतील तर क्रोम बंद करा आणि उघडू नका, प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये "बुकमार्क्स डॉट बॅक" (Bookmarks.bak) ही फाइल असते, तिची आधी कॉपी करून ठेवा, कारण परत परत उघडल्यावर तिच्यावरही नवीन लिहिलं जातं. आणि सिंक (एकाच अकाउंटने सगळ्या डिव्हाइसवर तोच डेटा ठेवणं) चालू होतं का ते बघा, दुसऱ्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर सगळं असू शकतं.

फायरफॉक्स बनवणारी मोझिला स्वतःच्या मदतीच्या पानांवर स्पष्ट सांगते की आम्ही तुम्हाला कधीही फोन किंवा मेसेज करायला सांगणार नाही. त्यामुळे असा नंबर दिसला की तो खोटाच समजा, जाहिरात कितीही वर असली तरी.

ज्यांच्या बाबतीत हे होऊन गेलंय त्यांनी आधी इंटरनेट बंद करा, रिमोट ॲप काढून टाका आणि दुसऱ्या डिव्हाइसवरून पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला, बँक नंतर नाही, बँकेला त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून कळवा. ईमेलचं फॉरवर्डिंग, फिल्टर, रिकव्हरी नंबर तपासा. "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" हेही करा, कारण चोरलेल्या कुकीने पासवर्ड आणि ओटीपी शिवायही आत शिरता येतं. सायबर पोलिसांकडे तक्रार करताना जाहिरातीचा स्क्रीनशॉट, फोन नंबर, पैसे भरल्याची पावती, रिमोट ॲपचं नाव, जे असेल ते सगळं द्या.

आणि यानंतर अजून एक फोन येईल, मला आला. दुसरा आवाज, दुसरं नाव, "तुमचे फसवणुकीत गेलेले पैसे रिफंड करायचे आहेत, त्यासाठी एक छोटं ॲप टाका". हे तेच लोक किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेतलेले. मी फोन कट केला आणि तो नंबरसुद्धा तक्रारीत जोडला.